अवकाशाचा भाव कोणी उतरवला?

१५ फेब्रुवारी २०१७ च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच खेपेत १०४ उपग्रह कक्षेत सोडले. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तोच आकडा झळकला, आणि झळकायलाच हवा होता. त्या १०४ पैकी १०१ उपग्रह परदेशी होते आणि त्यातले ८८ ‘प्लॅनेट’ या एकट्या अमेरिकी कंपनीचे होते, हा तपशील मात्र बातमीत खाली कुठेतरी आला. नासात काम केलेल्या तिघांनी २०१० मध्ये ही कंपनी काढली. एका माणसाला सहज उचलता येतील असे जेमतेम ५ किलोचे उपग्रह डझनावारी बनवायचे, त्यांच्याकडून रोज पृथ्वीचे फोटो काढून घ्यायचे आणि ते शेती, विमा, नकाशे यांच्याशी संबंधित गिऱ्हाइकांना विकायचे, हा तिचा धंदा. असे उपग्रह परवडणाऱ्या दरात आणि खात्रीने वर नेऊन सोडणारे रॉकेट म्हणून पीएसएलव्हीची जगात पत होती.

२४ जानेवारी २०२१ रोजी हा विक्रम मोडला. फ्लोरिडातून उडालेल्या स्पेसएक्सच्या फाल्कन-९ ने एका खेपेत १४३ उपग्रह नेले. त्यात प्लॅनेटचेच ४८ होते. विक्रम मोडण्यासाठीच असतात, त्याचे दुःख नाही. आपल्या दारात येणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले, ही यातली खरी बातमी. त्या दुकानाने दरपत्रक उघड वेबसाइटवर लावले होते: २०० किलोपर्यंतच्या उपग्रहाला १० लाख डॉलर, त्यावर दर किलोला ५ हजार. तारीख निवडा, वजन भरा, जागा नोंदवा. तोवर उपग्रह सोडण्याचा भाव बहुतेक वेळा लांबत जाणाऱ्या वाटाघाटींत ठरत असे.

गेल्या पंचवीसेक वर्षांत संगणक आणि इंटरनेटच्या धंद्यात पैसा मिळवलेली माणसे अवकाशात उतरली. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००० मध्ये ब्लू ओरिजिन काढली, पेपॅलच्या विक्रीतून श्रीमंत झालेल्या इलॉन मस्क यांनी २००२ मध्ये स्पेसएक्स. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांचे बोलले जाते. एका बाजूला सरकारांना जे जमले नाही ते एकट्याने करून दाखवणारे महापुरुष, तर दुसऱ्या बाजूला जाहिरातबाज धनदांडगे. प्रत्यक्षात काय घडले हे दोन्ही वर्णनांतून कळत नाही. या माणसांनी नवे विज्ञान फारसे शोधले नाही. त्यांनी हिशोब बदलला. तो बदलता यावा म्हणून लागलेला आधार मात्र बऱ्याच अंशी सरकारी तिजोरीचा होता. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचली नाहीत, तर भारताने यातून घ्यायचा धडा चुकतो.

हिशोबापासून सुरुवात करू. मस्क यांनी आधी रशियाकडून जुनी क्षेपणास्त्रे विकत घेण्याचा प्रयत्न केला होता. रशियनांनी सांगितलेली किंमत परवडेना, तेव्हा त्यांनी उलटा प्रश्न विचारला: रॉकेटमध्ये असते काय? ॲल्युमिनियम, टायटॅनियम, तांबे, कार्बन फायबर. बाजारभावाने हा सारा कच्चा माल रॉकेटच्या विक्रीच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आसपास भरतो, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. इंधनाचा खर्च तर एक टक्क्याहूनही कमी. मग उरलेले पैसे जातात कुठे? पुरवठादाराचा पुरवठादार, त्याचा पुरवठादार अशी साखळी आणि तिच्या प्रत्येक कडीवरचा नफा. शिवाय प्रत्येक उड्डाणानंतर समुद्रात बुडणारे आख्खे यंत्र.

पहिल्या गोष्टीवर कंपनीचा तोडगा म्हणजे शक्य ते सारे घरात बनवायचे. एका सुट्या भागासाठी बाहेरून १ लाख २० हजार डॉलरचा भाव आला, तेव्हा तो भाग ५ हजारांत बनवण्याचे काम एका अभियंत्याला देण्यात आले आणि त्याने तो ३,९०० डॉलरमध्ये बनवला, हा प्रसंग मस्क यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. तरीही ‘घरात बनवले’ म्हणजे ‘शून्यातून बनवले’ असे समजू नये. स्पेसएक्सच्या मर्लिन इंजिनात इंधन फवारण्याची जी रचना आहे, तिचाच पूर्वावतार अपोलोच्या चांद्रयानाला चंद्रावर उतरवणाऱ्या इंजिनात होता. ते इंजिन बनवणाऱ्या कंपनीत पुढे काम केलेले टॉम म्युलर हे स्पेसएक्सचे पहिले इंजिनतज्ज्ञ. कंपनीच्या ड्रॅगन या अवकाशयानाचे उष्णतारोधक कवच नासाच्या एम्स केंद्रात विकसित झालेल्या पदार्थावर बेतलेले आहे. अमेरिकी करदात्याने पन्नास वर्षांत जमवलेली ज्ञानाची पुंजी या कंपनीला वापरायला मिळाली आणि तिने ती नेटाने वापरली.

तरीही पहिली वर्षे भयंकर गेली. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी क्वाजालीन कंकणद्वीपात ओमेलेक नावाचा चिमुकला तुकडा आहे, आकाराने जेमतेम ८ एकर. फाल्कन-१ हे छोटे रॉकेट तिथून उडवायचे ठरले. २४ मार्च २००६ च्या पहिल्या उड्डाणात अर्ध्या मिनिटाच्या आसपास इंजिन बंद पडले आणि रॉकेट बेटाजवळच कोसळले. खाऱ्या हवेत इंधनाच्या नळीवरचा ॲल्युमिनियमचा एक नट गंजून चिरला होता, तिथून गळती होऊन आग लागली. मार्च २००७ मध्ये दुसरे रॉकेट बरेच वर गेले, पण टाकीत हिंदकळणाऱ्या इंधनाने त्याचा तोल घालवला.

तिसऱ्या अपयशातून या धंद्याची जात कळते. ३ ऑगस्ट २००८ ला उडालेल्या रॉकेटमध्ये नव्या पद्धतीने थंड राहणारे इंजिन होते. ते बंद केल्यावरही नळ्यांत उरलेले थोडे इंधन जळत राहिले आणि त्यातून किंचित रेटा निर्माण झाला. जमिनीवरच्या चाचणीत हवेच्या दाबापुढे तो रेटा दिसतच नव्हता. वर निर्वातात मात्र तेवढा पुरला: सुटा झालेला पहिला टप्पा मागून येऊन दुसऱ्या टप्प्यावर आदळला. यंत्र सारे ठीक होते, फक्त इंजिन बंद होणे आणि टप्पे वेगळे होणे यांच्यातला वेळ काही सेकंद वाढवायला हवा होता. तेवढी दुरुस्ती करून आठ आठवड्यांनी, २८ सप्टेंबर २००८ रोजी, चौथे रॉकेट उडाले आणि कक्षेत पोचले. खासगी कंपनीने विकसित केलेले द्रव इंधनाचे रॉकेट कक्षेत जाण्याची ही पहिलीच वेळ. कंपनीचा खजिना तोवर जवळजवळ रिकामा झाला होता.

ती वाचली कशामुळे? २३ डिसेंबर २००८ रोजी नासाने तिला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर १२ वेळा सामान पोचवण्याचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. ते मिळवण्यात ग्विन शॉटवेल यांचा वाटा मोठा होता. सुरुवातीपासून विक्रीची बाजू सांभाळणाऱ्या या बाई त्याच सुमारास कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. हेडलाइन त्यांच्या वाट्याला कमी येतात, पण गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवण्याचे काम त्यांनी केले आहे.

या कंत्राटाचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. घर बांधताना आपण गवंड्याला एकतर रोजंदारीवर काम देतो किंवा उक्ते देतो. अमेरिकेची बरीच मोठी अवकाश कामे वर्षानुवर्षे रोजंदारीवर चालली होती: जो खर्च होईल तो सरकार देणार, वर ठरलेला नफा. यात काम लवकर संपवण्याची घाई कोणालाच नसते. २००६ मध्ये नासाने सामान वाहतुकीसाठी उक्त्याचा मार्ग धरला. आम्हाला एवढे काम हवे, त्याचे एवढे पैसे, अमुक चाचणी यशस्वी झाली की पहिला हप्ता, तमुक झाली की दुसरा. जास्त खर्च झाला तर तुमचा तोटा, वाचला तर तुमचा फायदा. रॉकेट कसे बनवायचे ते तुम्ही ठरवा. मुख्य म्हणजे हे काम एकाच कंपनीला दिले नाही. सोबत ऑर्बिटल सायन्सेस या दुसऱ्या कंपनीलाही तसेच कंत्राट मिळाले.

परिणाम नासाच्याच आकडेमोडीत दिसतो. फाल्कन-९ जुन्या सरकारी पद्धतीने बनवले असते तर सुमारे ४ अब्ज डॉलर लागले असते, असा अंदाज नासाने २०११ मध्ये काढला. कंपनीने सांगितलेला प्रत्यक्ष खर्च होता ३० कोटी डॉलर, आणि नासाने तो तपासून पाहिला होता. उलट, जुन्या पद्धतीने बनलेल्या एसएलएस या महाकाय रॉकेटचे सुरुवातीचे प्रत्येक उड्डाण यानासकट ४.१ अब्ज डॉलरला पडेल, असे नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसला सांगितले. उद्योजकाच्या धाडसाइतकीच या कंत्राटाच्या मसुद्याचीही करामत आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या मसुद्यावर चित्रपट निघणार नाहीत, एवढाच फरक.

आता रॉकेट परत उतरवण्याची गोष्ट. ही कल्पनाही नवी नव्हती. नासाचे स्पेस शटल १९८१ पासून परत येत होते. मात्र प्रत्येक फेरीनंतर त्याची इतकी कसून डागडुजी करावी लागे, त्याच्या अंगावरच्या हजारो उष्णतारोधक फरशा एकेक करून तपासाव्या लागत, की पुन्हा वापरण्यातला फायदा त्यातच संपे. १३५ फेऱ्यांमध्ये दोन अपघातांत १४ अंतराळवीर गेले. शेपटीवर उभे राहून उतरणारे एक छोटे प्रायोगिक रॉकेटही अमेरिकेने १९९३ मध्ये उडवून पाहिले होते. उपग्रह कक्षेकडे रवाना करून मग असे उभे उतरणारे रॉकेट मात्र कोणाकडे नव्हते.

फाल्कन-९ चा पहिला टप्पा ४० मीटरहून उंच आहे, म्हणजे बारा-तेरा मजले, आणि त्याच्या बुडाशी ९ इंजिने. रॉकेटच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा या टप्प्याचाच. उड्डाणानंतर अडीच मिनिटांच्या आसपास तो वरच्या भागापासून सुटतो, तेव्हा तो ताशी ७-८ हजार किलोमीटर वेगाने हवेच्या जवळजवळ बाहेर असतो. नायट्रोजन वायूचे छोटे झोत सोडून तो स्वतःला उलटा फिरवतो. वातावरणात शिरताना तीन इंजिने पुन्हा पेटतात, नाहीतर वेगामुळे तो भाजून निघेल. वरच्या बाजूला जाळीसारखे चार पंख उघडतात आणि वळून वळून दिशा धरतात. शेवटचा भाग सगळ्यात अवघड. इंधन संपत आलेला हा टप्पा इतका हलका झालेला असतो की एकच इंजिन अगदी मंद पेटवले, तरी त्याचा रेटा टप्प्याच्या वजनाहून जास्त भरतो. त्यामुळे हेलिकॉप्टरसारखे अधांतरी थांबून, अंदाज घेऊन उतरायची सोयच नाही. इंजिन अशा क्षणी पेटवायचे की वेग शून्य होईल तेव्हा उंचीही शून्यच असेल. लवकर पेटवले तर तो हवेतच थांबून पुन्हा वर जाऊ लागेल, उशिरा पेटवले तर जमिनीवर आदळेल.

जानेवारी २०१५ मध्ये समुद्रातल्या तराफ्यावर उतरण्याचा पहिला प्रयत्न झाला. पंख फिरवणारे हायड्रॉलिक तेल ऐनवेळी संपले आणि टप्पा तराफ्यावर आपटला. एप्रिलमध्ये एक झडप वेळेवर हलली नाही, तो उतरला आणि कलंडला. २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री केप कॅनाव्हेरलच्या जमिनीवर तो सरळ उभा राहिला. पुढच्या एप्रिलमध्ये समुद्रावरही जमले, आणि मार्च २०१७ मध्ये एकदा उडालेला टप्पा पहिल्यांदा पुन्हा उडाला.

हे प्रयोग कंपनीला स्वतंत्रपणे करावे लागले नाहीत, ही त्यातली हुशारी. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असत, त्याचा माल वर गेलेला असे, त्याचे काम झालेले असे. त्यानंतर समुद्रात बुडणारच असलेल्या टप्प्यावर उतरण्याचा सराव व्हायचा. फसला तर भंगार एरवीही होणारच होते. संगणकाच्या जगातून आलेल्या माणसांची हीच खोड: माल बाजारात असतानाच त्यात सुधारणा करत राहायचे. ती सगळीकडे चालत नाही. जून २०१५ मध्ये अवकाश स्थानकाचे सामान घेऊन निघालेले रॉकेट हवेत फुटले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दुसरे उड्डाणापूर्वीच तळावर जळाले, गिऱ्हाइकाच्या उपग्रहासकट. तरी एकंदर पद्धत यशस्वी ठरली. आज काही टप्पे ३० पेक्षा जास्त वेळा उडालेले आहेत. २०२४ मध्ये फाल्कन रॉकेटांची १३४ उड्डाणे झाली. त्याच वर्षी इस्रोची झाली ५.

पण रॉकेट परत आले म्हणून लगेच नफा सुरू होत नाही. पुन्हा वापरता येणारे रॉकेट भरपूर वेळा उडाले तरच परवडते, आणि जगात सोडायला तेवढे उपग्रह होते कुठे? गिऱ्हाइके पुरेनात, तेव्हा कंपनी स्वतःच स्वतःचे गिऱ्हाईक बनली. मे २०१९ मध्ये तिने स्टारलिंक या आपल्या उपग्रह इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह सोडले. आज त्यांची संख्या ८ हजारांच्या पुढे आहे आणि चालू स्थितीतल्या जगातल्या सगळ्या उपग्रहांत निम्म्याहून जास्त या एकाच कंपनीचे आहेत. २०२४ च्या उड्डाणांतली जवळपास दोन तृतीयांश स्टारलिंकसाठीच होती.

दूरसंचाराचे जुने उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. ते आपल्या डोक्यावर एकाच जागी स्थिर दिसतात. सोय मोठी, पण संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. दूरचित्रवाणीला त्याने बिघडत नाही, व्हिडिओ कॉलवर मात्र बोलणे अडखळते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. उत्तर सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शात येते. पण इतक्या खालचा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजापार जातो, म्हणून एकाच्या जागी दुसरा यायला हजारोंचा ताफा लागतो, आणि प्रत्येकाचे आयुष्य साधारण पाच वर्षे. म्हणजे ताफा सतत बदलत राहायचा. स्वतःचे स्वस्त रॉकेट हाती नसलेल्या कंपनीला हा आतबट्ट्याचाच व्यवहार. घराच्या छपरावरची तबकडीही सुरुवातीला बनवायला ३ हजार डॉलर लागत आणि गिऱ्हाइकाला ती ४९९ डॉलरला मिळे. पुढे उत्पादन वाढवून हा खर्च झपाट्याने खाली आणला गेला. रॉकेट बनवणारी कंपनी अशा रीतीने महिन्याचे बिल पाठवणारी सेवा कंपनी झाली. प्रक्षेपणाच्या धंद्यात इतर देशांना तिच्याशी भावात टक्कर देणे अवघड जाते, त्याचे एक कारण इथे आहे.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांतल्या शाळा, आरोग्य केंद्रे, सरकारी कार्यालये अशा ठिकाणी ही सेवा द्यायचा विचार त्यात आहे. धडगावच्या डोंगरात किंवा भामरागडच्या पावसाळ्यात तुटणाऱ्या रस्त्यांपलीकडे केबल नेणे किती कठीण, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. अशा जागी उपग्रहावरून येणारे इंटरनेट खरेच उपयोगाचे. पुण्या-मुंबईच्या माणसाने मात्र त्याची वाट पाहू नये. एका उपग्रहाची क्षमता खालच्या मोठ्या प्रदेशात वाटली जाते, दाट वस्तीत ती पुरत नाही. तिथे फायबरच बरे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला गंभीर वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच दिवशी तिथल्या उपग्रह इंटरनेटवर सायबर हल्ला झाला. युक्रेनच्या मंत्र्याने समाजमाध्यमावरून मस्क यांना साद घातली आणि काही तासांत स्टारलिंक सुरू झाले. त्याच वर्षी क्रिमियाजवळच्या मोहिमेसाठी सेवा सुरू करण्याची विनंती मस्क यांनी नाकारली. त्यांचा निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. युद्धातला असा निर्णय कोणालाही उत्तरदायी नसलेल्या एका व्यापाऱ्याच्या हाती असावा का, यावर वाद घालण्यासारखे मला काही दिसत नाही. असू नये. जून २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांशी जाहीर भांडण झाले, तेव्हा मस्क यांनी ड्रॅगन यान सेवेतून काढून घेण्याची घोषणा केली आणि काही तासांत मागे घेतली. त्या वेळी अमेरिकेकडे अवकाश स्थानकावर माणसे पाठवायला स्वतःचे दुसरे चालू यानच नव्हते. बोइंगलाही २०१४ मध्ये कंत्राट मिळाले होते, स्पेसएक्सला २.६ तर बोइंगला ४.२ अब्ज डॉलरचे. त्या बोइंगच्या यानातून जून २०२४ मध्ये आठवडाभरासाठी गेलेल्या सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधूनच परतावे लागले. दोन कंपन्यांना काम देण्याचा नासाचा मूळ विचार किती योग्य होता आणि एकटाच उरला तर काय होते, दोन्ही यात दिसले.

भाव उतरवण्याची किंमत इतरांनीही मोजली आहे. स्पेसएक्सच्या कारखान्यांत २०१४ पासून कामगारांना झालेल्या किमान ६०० दुखापती जाहीर झालेल्या नव्हत्या, असे रॉयटर्सने २०२३ मध्ये शोधून काढले. खगोलशास्त्रज्ञांच्या छायाचित्रांवर उपग्रहांच्या रेघा उमटतात. नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने स्टारलिंकच्या उपग्रहांतून नकळत गळणाऱ्या रेडिओ लहरी ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टिपल्या. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आपली जीएमआरटी आहे, तिचा एक पट्टा १२० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. अब्जावधी वर्षांपूर्वीचे क्षीण संदेश ऐकायला बसवलेल्या या यंत्रासाठी शांत आकाश हाच कच्चा माल आहे. आणि या धंद्यात उतरलेले सगळे तरलेही नाहीत. रिचर्ड ब्रॅन्सन यांची व्हर्जिन ऑर्बिट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे काय? खासगी कारखाने इस्रोबरोबर पहिल्यापासून आहेत. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांची मोटार आवरणे बनतात, विक्रोळीला गोदरेज विकास इंजिने बनवते. पण हे सारे इस्रोच्या आराखड्याबरहुकूम. स्वतःचा आराखडा, स्वतःचे भांडवल आणि स्वतःची जोखीम घेऊन उतरायला दार उघडले २०२० मध्ये, इन-स्पेस या संस्थेच्या स्थापनेने. इस्रोतून बाहेर पडलेल्या दोघा अभियंत्यांच्या हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी विक्रम-एस ८९.५ किलोमीटर उंचीवर नेले. आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेल्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी थ्रीडी छपाईने एकसंध बनवलेल्या इंजिनावर आपले रॉकेट उडवले, तेही श्रीहरिकोट्यातल्या स्वतःच्या तळावरून. पिक्सेल या बंगळुरूच्या कंपनीचे पिकांच्या आणि मातीच्या बारीक छटा टिपणारे तीन उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये कक्षेत गेले.

पिक्सेलचे हे उपग्रह नेले फाल्कन-९ ने. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोचा ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ देखील फाल्कन-९ नेच नेला, कारण त्या उंच कक्षेपर्यंत एवढे वजन नेणारे रॉकेट आपल्याकडे नाही. पहिला टप्पा परत आणणाऱ्या नव्या रॉकेटला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ८,२४० कोटी रुपये मंजूर केले, मुदत आठ वर्षे. ते बनायला हवेच. पण तोवर खासगी कंपन्यांनी जगायचे कशावर? १ हजार कोटींचा भांडवल निधी सरकारने जाहीर केला आहे. १२ भू-निरीक्षण उपग्रहांचे १,२०० कोटींहून मोठे काम २०२५ मध्ये पिक्सेल आणि सोबतच्या तीन कंपन्यांकडे आले. पावले योग्य दिशेने आहेत, आकाराने लहान आहेत. २००८ मध्ये कक्षेत एकदाच पोचलेल्या कंपनीला नासाने १२ फेऱ्यांची ऑर्डर दिली, तो धीर आपल्या खात्यांनी अजून दाखवलेला नाही. कृषी, जलसंपदा, हवामान, महसूल या प्रत्येक खात्याला उपग्रहांच्या छायाचित्रांची गरज आहे. ती गरज पाच-सात वर्षांच्या उक्त्या कंत्राटात मांडावी, चाचणीगणिक पैसे द्यावेत आणि प्रत्येक काम किमान दोघांना द्यावे. सर्वांत कमी दराच्या एका निविदेवर हे उद्योग उभे राहणार नाहीत.

आणि त्याआधी एक काम संसदेचे आहे. अपघात झाला तर भरपाई कोणाची, परवाना कोणी द्यायचा आणि काढून घ्यायचा, युद्धकाळात खासगी सेवेवर हुकूम कोणाचा, रेडिओ दुर्बिणींचे संरक्षण कसे, हे सारे कायद्यात लिहावे लागते. परवाने देणाऱ्या इन-स्पेसलाही असा कायदेशीर पाया नाही, ती सरकारी निर्णयावर उभी आहे. अवकाश व्यवहार विधेयकाचा पहिला मसुदा २०१७ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे ठेवला गेला होता. तो कायदा लवकरात लवकर व्हावा, आणि आपल्या खासदाराला त्याबद्दल विचारण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे.